गाडीखालचा पुठ्ठा

फोन आला तेव्हा मी जीपखाली पुठ्ठा सरकवत होतो. शिनोलीहून मधूभाऊंचा पुतण्या बोलत होता. “काका गेले. चहा पिता पिता.” मी “बरं” म्हणालो, फोन ठेवला आणि पुठ्ठा नीट इंजिनाखाली घेतला. बरं काय, डोंबलाचं! पण दुसरा शब्द आलाच नाही. महिना उलटला, तरी आलेला नाही...

मधूभाऊंचं गॅरेज शिनोलीत, रस्त्याला लागून. नव्वदच्या दशकात माझी जीप घोडेगाव ते तळेघर माणसं वाहायची. तिकडे एसटी कमी, त्यामुळे जीप बंद पडली की लोक सरळ पायी निघत. इंजिन पार दमलं तेव्हा भाऊंनी ते सगळं खोलून नव्यानं बांधलं. एकट्यानं बांधलेलं त्यांचं हे पहिलंच इंजिन. गाडी माझी होती, पण अब्रू त्यांची पणाला लागली होती. भाऊ बौद्ध, त्यांच्या गॅरेजात नारळ-लिंबाचं प्रस्थ नव्हतं. “बोल्ट आवळलाय का बघ, नारळ ऱ्हाऊ दे,” म्हणायचे. आणि गाडी घरी नेली न नेली तोच तेल गळायला लागलं. स्टँडवरच्यांना तेवढंच हवं होतं. “नारळ न्हाई फोडला, मंग गळनारच की राव!”

भाऊंनी इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि वहिनींच्या डब्यातली पावडर त्यावर भुरभुरली. पांढऱ्यावर तेलाची वाट दिसते. दिसलं ते भलतंच. तेल अडवणाऱ्या पुढच्या सीलला ओल, मागच्या सीलला ओल, वरच्या झाकणालाही. त्यांनी सीलं बदलली, मागच्यासाठी गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवला. परत ओल. त्या दिवसांत जेवायला बसले तरी त्यांचा हात ताटावर नुसताच राहायचा. “माझंच काम चुकलं आसंल,” असं एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं, कारण ते काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग एका दुपारी इंजिन चालू असताना त्यांनी तेल ओतायचं झाकण सहज उघडलं आणि गळती थांबली. झाकण लावलं, थेंब सुरू. उघडलं, बंद. भाऊ कितीतरी दिवसांनी हसले. “आरं, ह्याचा जीव कोंडलाय!” इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला एक आखूड नळी असते. ती बुजली की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. नळीत तार घालून ओढली, तर तेलानं थबथबलेली एक पुरचुंडी बाहेर आली. लुगड्याचा काठ मी लगेच ओळखला. आईनं आणलेला लेण्याद्रीचा अंगारा! नारळ नाही तर नाही, निदान अंगारा तरी असावा, म्हणून तिनं तो इंजिनाजवळ ठेवला होता आणि पडू नये म्हणून बोटानं चांगला त्या नळीत दाबला होता.

मी पोट धरून हसलो. भाऊंनी पुरचुंडी पिळली, कोरड्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. “म्होरच्या कप्प्यात ठेव. मावशीला बोलू नगं, लई जीवानं ठेवलं व्हतं तिनं.”

“आणि स्टँडवर काय सांगू?”

“गळायचं थांबलं ना? झालं मंग. गाडीखाली पुठ्ठा टाकत जा. थेंब दिसला की ये.”

मधूनं सील चुकीचं बसवलं होतं, असं स्टँडवर पुढे कितीतरी वर्षं बोललं जायचं. भाऊ तिथंच बसून चहा प्यायचे.

ते गेल्याचं आईला सांगितलं तेव्हा ती नाचणीची भाकरी थापत होती. हात थांबला. “गुणाचं मानूस व्हतं रं... माझ्या अंगाऱ्यानं तवा त्याचं इंजिन तारलं बघ.” सगळं ओठांवर आलं होतं. मी “बरं” म्हणालो.

आज सकाळी कप्पा उघडून पाहिला. पुरचुंडी आहे, तिला अजून तेलाचा वास येतो. मग वाकून पुठ्ठा ओढला. कोरडा ठणठणीत. एखादा थेंब असता, तर शिनोलीला जायला निघालो असतो...