मुळापर्यंत पाणी

"पाणी कुठवर पोचलं?" रूट कॅनाल चालू असताना मॅडम मला मध्येच विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच पेशंटच्या तोंडात वाकायच्या. पंचवटीतल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी सहायक डॉक्टर म्हणून लागलो, तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, आपण दात दुरुस्त करत नाही, नुसते धुतोय.

तुम्हीही कधी त्या खुर्चीत बसला असालच. दाताच्या मुळातली किडलेली नस काढतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नस गेली तरी त्या बारीक नळीत घाण आणि जंतू उरतात. ते औषधी पाण्याने धुवावे लागतात. मॅडम हे काम साध्या सिरिंजने करायच्या, आणि त्यांच्या हाताला गुण आहे असं गावोगाव म्हटलं जायचं. पाण्याला कंपनं देणारं यंत्र घेऊन विक्रेता आला की त्या हसून म्हणायच्या, "चहा घ्या. यंत्र राहू द्या."

मग एक दिवस कळवणच्या काकू परत आल्या. त्यांची दाढ मॅडमनीच केली होती, आणि आता तिथेच हिरडीवर फोड आला होता.

"काढून टाका मॅडम. लय ठणकतंय," काकू म्हणाल्या.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसत होती, म्हणजे आत जंतू उरले होते. मॅडमनी एक्स-रे उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला. त्यांनी फोडातला पू काढला, औषध दिलं आणि म्हणाल्या, "दाढ मजबूत आहे. काढायला नको. मला थोडे दिवस द्या."

त्यांनी विक्रेत्याला फोन करून यंत्र मागवलं. ओळखीच्या डॉक्टरांकडून काढलेले दात आणले. दुपारी दवाखाना रिकामा झाला की आम्ही त्या दातांच्या नळ्यांत घाण म्हणून रंगीत लेप भरायचो. काही दात मी सिरिंजने धुतले, काही यंत्राच्या कंपनांनी. मग उभे कापून भिंगाखाली ठेवले.

"कुठला दात कसा धुतलाय, मला सांगू नकोस," त्यांनी मला बजावलं. "मी सिरिंजच्या पक्षातली आहे. डोळे लबाडी करतील."

त्या एकेक दात बघून 'स्वच्छ', 'मळका' असं सांगत गेल्या. शेवटी मी माझ्या नोंदींचा कागद पुढे केला. मळक्यांत जवळजवळ सगळे सिरिंजचे होते. नळीच्या वरच्या भागात दोन्ही पद्धती सारख्याच, पण टोकाशी आणि आडव्या फाट्यांत सिरिंजचं पाणी पोचतच नव्हतं. कंपनांनीही सगळं निघालं होतं असं नाही, पण फरक डोळ्यांना दिसत होता.

मला वाटलं, आता त्या चिडतील. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि खळखळून हसल्या. "एवढी वर्षं मी अर्ध्या रस्त्यातून परत येत होते रे!"

काकू आल्या तेव्हा मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं, "मागच्या वेळी मुळाचं टोक धुतलं गेलं नव्हतं. काम माझंच होतं."

काकू खुर्चीत नीट टेकल्या. "मग या टायमाला नीट धुवा," असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

मॅडमनी दाढ पुन्हा उघडून यंत्राने धुतली. फोड बसला. पुढच्या एक्स-रेत सावली फिकी झाली. काकू त्याच बाजूने भाकरी खाऊ लागल्या.

म्हणून मॅडम यंत्राच्या भक्त झाल्या असं मात्र नाही. मुळाचं टोक उघडं असलेला दात आला की त्या पुन्हा सिरिंजच उचलायच्या आणि अगदी हलक्या हाताने धुवायच्या. "इथे जोर केला तर औषध हाडात घुसेल. दात बघून हत्यार निवडायचं."

गेल्या वर्षी त्यांचा हात किंचित थरथरू लागला. इतर कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनीच ते ओळखलं. मग एका सकाळी त्यांनी हातातला पेशंट माझ्याकडे दिला, एप्रन काढून ठेवला आणि बाहेर पेशंटांच्या बाकावर जाऊन बसल्या. दवाखाना माझ्यावर सोपवून मुलीकडे पुण्याला जायचं ठरलंच होतं. रिक्षा यायची होती.

आतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. शेजारी गाल धरून बसलेल्या आजोबांनी त्यांना ओळखलं नव्हतं.

"बाई, तुमचा नंबर माझ्या आधी का?"

"माझं झालं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जा आत. डॉक्टर चांगले आहेत."

मी दाराशी आलो, तोवर त्यांना घेऊन रिक्षा समोरच्या भाजीबाजाराच्या गर्दीत शिरली होती.