माझ्या हाताचं पोस्टर

भाज्यांचं उकळतं खतखतं माझ्या उजव्या हातावर ओतलं, तेव्हा मी पहिला घास उचलत होते.

चौथीत होते. डिचोलीकडच्या एका गावात देवळाचा महाप्रसाद होता. बाबा बांबूच्या टोपल्या द्यायला गेले होते, मी त्यांच्यासोबत. शिजलेला भात आम्ही विणलेल्या टोपल्यांतच काढायचे. टोपली आत चालायची. विणणारा नाही. आमची जागा कुंपणाबाहेर, फणसाखाली. सगळ्यांचं आटोपलं की आम्हाला वाढायचे. बाबांनी सांगितलंही असेल. पण मला भूक लागली होती. मांडवात केळीची पानं मांडलेली, माझ्याएवढ्या मुली बसलेल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

भात आला. वरण आलं. खतखत्याची बादली घेऊन आलेला माणूस माझ्यापुढे थांबला.

"कोणाचं गो तू चेडू?"

मी बोट दाखवलं. कुंपणापलीकडे बाबा उभे होते.

त्याने पळी भरली आणि माझ्या हातावर उपडी केली. सुरणाची फोड कातडीला चिकटली. ती झटकली तेव्हा कातडी सोबत निघाली.

बाबा ओरडत मांडवात आले. चार-पाच जण त्यांच्यावर पडले. एकाने चुलीजवळचं लाकूड उचललं आणि थेट तोंडावर घातलं. दात पडले. बाबा गुडघ्यांवर आले. मग बादलीवाल्याने माझ्या पानातला भात मुठीत घेतला आणि त्यांच्या रक्ताळलेल्या तोंडात कोंबला.

"जेवूक आयलंय न्हय? मगे जेव."

बाबांनी तो गिळला. रक्तासकट.

पंगत उठली नाही. लोक जेवत होते. कुणीतरी सोलकढी मागितली.

म्हापशाच्या हॉस्पिटलात बाबांनी डॉक्टरला सांगितलं, "पोरीच्या हातार पेज सांडली. मी धावताना पडलो." डॉक्टरने मान हलवली. मीही हलवली. परत पेडण्याला, आमच्या गावी, जाताना बसमध्ये आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. घरी आईला खरं सांगितलं. ती रडली, आणि मग दाराला कडी घालून म्हणाली, "हळू बोला."

त्यानंतर मला चारचौघांत जेवता येईना. कोणी घासाकडे पाहिलं की मी तो परत खाली ठेवायचे. शाळेत डबा भिंतीकडे तोंड करून. पणजीच्या कला महाविद्यालयात तसंच. मैत्रिणींना वाटायचं, हिला शिष्टपणा आहे. शिकले, ग्राफिक डिझाइनर झाले. म्हापशात हॉटेलांची मेनूकार्डं, लग्नपत्रिका, मसाल्यांची पाकिटं केली. दुसऱ्यांची भूक चाळवायचं काम. ते मला चांगलं जमायचं.

मग बाई भेटल्या. मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक, घर डिचोलीचं. माणसं जेवतात कशी, यावर त्यांना प्रदर्शन करायचं होतं. चित्रं, नकाशे, पोस्टरं, सगळं माझ्याकडे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "जेवण म्हणजे नुसतं अन्न नव्हे. कोण कुठे बसतं, कोण वाढतं, कोण शेवटी जेवतं, ते बघ. त्यात सगळा समाज दिसतो."

हे कोणीतरी तोंडाने बोललं. मला वाटलं, आता मीही बोलू शकेन.

जीव ओतून काम केलं. घास घेताना बोटं कशी मिटतात ते काढलं. पंगतीचा नकाशा काढला. चूल, देव, वाढपी, पहिली पंगत, दुसरी पंगत, कुंपण, कुंपणाबाहेरची माणसं. बाई खूश होत्या. मुख्य पोस्टरसाठी माझ्याच हाताचा फोटो काढला. वरणभाताचा घास धरलेला उजवा हात. अंगठ्यापासून मनगटापर्यंत भाजल्याची गुळगुळीत, आखडलेली कातडी.

फोटो बघून बाई म्हणाल्या, "डाग काढून टाक. बघून जेवणावरची वासना उडते. हे जेवणाचं पोस्टर आहे, अपघाताचं नाही."

"तो अपघात नव्हता," मी म्हटलं.

आणि सांगितलं. सगळं. त्यांनी फोन पुढे ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. डोळे पाणावले त्यांचे. मग त्यांनी गाव विचारलं. मी नाव घेतलं. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

"ते आमच्या कुळाचं देवस्थान आहे."

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला.

"तू लहान होतीस. गर्दीत पळी कलंडली असेल."

"बाबांचे दातही कलंडले?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. डाग काढायला दुसरा माणूस लावला. माझ्या नकाशातलं कुंपणही त्यानेच काढलं. कुंपणाबाहेरची माणसं गेली. उरली ती एक सुंदर, गोल पंगत.

तेरेखोलला बाईंच्या भावाचं हॉटेल आहे. तिथे प्रदर्शनाचं उद्घाटन. मला बोलावलं नव्हतं. मी गेले. दारातच माझा हात, पुरुषभर उंच. गोरा केलेला. गुळगुळीत. जणू त्याला कधी कोणी शिवलंच नव्हतं. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते.

मी पिशवीतून काळा मार्कर काढला. अंगठ्यापासून सुरुवात केली आणि मनगटापर्यंत आले. मग पाहुण्यांकडे वळून, कुठे, कोणी, काय ओतलं ते मोठ्याने सांगितलं. बाबांच्या तोंडात काय कोंबलं तेही.

बाईंच्या भावाने मागून माझे केस धरले आणि तोंड भिंतीवर आपटलं. एकदा. परत एकदा. ओठ फाटला.

"घरात घेतलं तर जात दाखवलीस," तो कानात म्हणाला, आणि जातीचं नाव घेऊन शिवी दिली. मग तीच शिवी मोठ्याने.

त्याचा हात माझ्या तोंडापाशी होता. मी चावले. हाड लागेपर्यंत सोडला नाही. तो किंचाळला तेव्हाच माझे केस सुटले. बाई बाजूला उभ्या होत्या. "पुरे, पुरे," म्हणत होत्या. कोणाला, ते कळलं नाही.

थेट पेडण्याच्या पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "पडलंय काय गो?"

"पडले नाही. मारलं," मी म्हटलं. मारणाऱ्याचं नाव सांगितलं. शिवी जशीच्या तशी सांगितली. ॲट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदवेपर्यंत बाकावरून उठले नाही.

तेव्हापासून बाजारात बाबांच्या टोपलीला कोणी हात लावत नाही. मला काम देणारे फोन उचलत नाहीत. बाईंनी निरोप पाठवला, पोस्टरवर डाग परत घालते, खाली तुझं नाव देते, केस मागे घे. गावातले चार मोठे घरी आले. अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "चेडवाचं लग्न व्हायचं आसा. मिटवून टाक."

बाबा बांबूची कामठी तासत होते. कोयता खाली ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "तिका विचारा."

मला विचारलं. मी नाही म्हटलं.

ते परत येतील. पुढच्या खेपेला आमदाराचा माणूस घेऊन येतील, किंवा दांडे घेऊन. आले तर पाट देईन, तांब्याभर पाणी पुढे ठेवीन. आमच्या घरचं पाणी प्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. माझं ठरलं आहे. कोर्टात बाईंच्या भावासमोर उभी राहीन आणि त्याच्याकडे बोट दाखवून बोलेन. हळू नाही.