चौथ्या लेनवरचा दहा

आमच्या रायफल क्लबात जैनुद्दीनचाचांशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी क्लबचा सेक्रेटरी आणि निवृत्त मास्तर, पण पोरं माझं ऐकत नाहीत, चाचांचं ऐकतात. चाचांनी तीस वर्षं जहाजांवर इंजिनं दुरुस्त केली. रत्नागिरीला परत आल्यावर ते आमच्या मोडक्या एअर रायफली दुरुस्त करायला लागले, आणि करता करता स्वतःच नेम धरायला लागले. साठाव्या वर्षी जिल्ह्यातल्या ज्येष्ठ गटात पहिले आले. त्यांच्या बायकोचं, हफीजाचाचींचं म्हणणं, "घरात ह्यांना चष्मा गावत नाय, नि दहा मीटरवरचा ठिपका बरा गावतो!"

दीक्षा त्यांची लाडकी. कॉलेजात शिकते, आई जिल्हा परिषदेत कारकून. दोन वर्षं चाचांनी तिला नुसतं नीट उभं राहायला आणि घाई न करायला शिकवलं. चुकली की "काय गो, भात झोडतेस काय?" म्हणून खेकसायचे आणि पाच मिनिटांनी डब्यातली सांदणं तिच्यापुढे सरकवायचे.

गेल्या डिसेंबरात पुण्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. शेवटच्या छर्ऱ्याला दीक्षाला नऊ गुण मिळाले की ती जाणार होती. ती चौथ्या लेनवर, चाचा तिसऱ्यावर; समोर दर छर्ऱ्याला नेमाचं नवं कार्ड. दुसऱ्या लेनवरचा गडी आपलं संपवून गेला होता, त्याचं कार्ड मी काढून घेतलं होतं. दोघांचे छर्रे जवळजवळ एकदमच सुटले. कार्डं जवळ ओढली, तर चाचांचं कोरं आणि दीक्षाच्या कार्डावर दोन भोकं. एक दहात, एक आठात.

चाचांचा छर्रा तिच्या कार्डावर गेला, हे उघड होतं. त्यांना शून्य. पण कुठलं भोक कुणाचं हे कळत नसेल, तर जास्तीचे गुण कार्डाच्या मालकाला, असा नियम आहे. मी आनंदाने पेन उचललं.

"थांबा मास्तर," चाचा म्हणाले. "दहा माझा. पोरीचा आठ."

"कशावरून?"

"चाप ओढला तेव्हाच कळला मला."

मला असा राग आला! गप्प बसले असते तर काय बिघडत होतं? मी फणकाऱ्याने विचारलं, "लेनचा नंबर वाचून मगच नेम धरा, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? मग दीक्षाच्या कार्डावर मारलात कसा?"

चाचांनी रायफल खाली ठेवली. सगळा हॉल ऐकत होता.

"काळा ठिपका दिसतो, नंबर दिसत नाय मला. सहा महिने झाले. भिंतीपासून कार्डं मोजतो नि तिसऱ्यावर मारतो. मधलं एक काढलंत, ते कळलंच नाय."

हे त्यांनी चाचींनाही सांगितलं नव्हतं. मोतीबिंदू आहे कळलं तर आम्ही रायफल काढून घेऊ, ही भीती. खरं सांगतो, मी घेतलीच असती.

दीक्षाची निवड एका गुणाने हुकली. ती रायफल पेटीत ठेवून घरी निघून गेली. चाचा आठवडाभर क्लबात फिरकले नाहीत, आणि त्यांच्यावर चिडलो म्हणून मला रोज लाज वाटत राहिली.

त्यांचा मुलगा तन्वीर कुवेतला, म्हणून डोळ्याच्या ऑपरेशनला चाचा-चाचींना मीच घेऊन गेलो. दवाखान्याच्या बाकावर दीक्षा आमच्या आधी येऊन बसली होती.

"माझ्यापायी तुझं पुणं हुकलं गो," चाचा तिच्याकडे न बघता म्हणाले.

"नाही चाचा," ती म्हणाली. "माझा छर्रा आठात गेलाय हे मलाही तेव्हाच कळलं होतं. मास्तर दहा लिहायला निघाले, तरी मी गप्प बसले."

चाचांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तू एक मिनिट गप्प बसलीस," ते म्हणाले. "मी सहा महिने."

आतून त्यांचं नाव पुकारलं, तरी त्यांनी तो हात सोडला नाही.