वीजमामाचा आवाज

बेलापुरात गोरक्षची रिक्षा कोपऱ्यावर वळली की बायका मिक्सर बंद करतात. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकतो, पोरं घरात पळतात. भोंगा खरखरतो आणि मग तो जड, ठाय आवाज येतो, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की...' पुढचं नाव कानावर पडेपर्यंत गल्लीचा जीव टांगणीला. नाव आपल्या घरचं नसलं की मिक्सर पुन्हा सुरू.

आवाज मात्र काय देखणा होता! त्याच गळ्यावर गोरक्षनं एके काळी सर्कशीची, साड्यांच्या सेलची, निवडणुकीची गाडी फिरवली होती. लग्नात मंगलाष्टकं म्हणायचा तेव्हा करवल्या वळून वळून बघायच्या. पुढे जाहिराती सगळ्या मोबाईलवर गेल्या आणि भोंग्याच्या वाट्याला उरली ती मयतं. एकदा गळ्याला मयत चिकटलं म्हटल्यावर मंगलाष्टकं कोण म्हणू देणार? लग्नाची पत्रिका यायची, सोबत निरोपही यायचा, की ये, पोटभर जेव, पण माईकला हात लावू नको. त्याचं स्वतःचं लग्नही असंच राहून गेलं. मुलीकडची माणसं आवाजावर खूश व्हायची आणि धंदा विचारून उठायची. आता घरात तो आणि त्याची म्हातारी आई विमलबाई, दोघंच. "देवानं गळा दिला, अन् सुतकात घातला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्यानं एक नेम धरला होता. जित्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. रस्त्यात भेटेल तो भाऊ, भेटेल ती ताई. कारण एकदा त्यानं सूर्यभान आण्णांना सहज नावानं हाक मारली, तर म्हातारा छातीला हात लावून मटकन खाली बसला होता.

अशा माणसाकडे भिमाजी मास्तरांची पंकजा आली. ती संगमनेरला शिकून तिथंच मैत्रिणींबरोबर मोबाईलवर बघायची कार्टून बनवत होती. त्यांचा हिरो होता वीजमामा, अंगात वीज खेळणारा, पक्कड घेऊन आभाळातून उडणारा वायरमन. नव्या भागात झापडासुर नावाचा राक्षस अख्ख्या गावाला झोपवतो. स्वप्नात ज्याला जे हवं ते मिळतं, म्हणून कुणी परत यायला तयार नसतं. वीजमामा त्या स्वप्नात उडी मारतो आणि एकेकाला नावानं हाक मारतो. हाक ऐकू आली की माणूस जागा होतो. काका, वीजमामाला आवाज तुमचाच पाहिजे, असं पंकजा म्हणाली. गोरक्षला आधी खरंच वाटेना. पोरं एकदा तरी आपल्या रिक्षाकडे धावत यावीत, एवढीच त्याची भूक होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती.

संगमनेरच्या त्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. नावं कुठली घ्यायची, असं त्यानं विचारलं. तुमच्या गावातली घ्या, तेवढीच गंमत, असं पंकजा म्हणाली. इथंच घोटाळा झाला. इतक्या वर्षांचा बांध फुटला आणि गोरक्ष जित्या माणसांची नावं घेत सुटला. पण जिभेला वळण पडलेलं! वडिलांच्या नावासकट, नवऱ्याच्या नावासकट, अमक्या गल्लीत राहणारे, सगळं मयताच्याच चालीवर. शेवटी म्हणाला, मधल्या गल्लीतल्या विमलबाई सोपान... आणि त्याचा गळा दाटून आला. पंकजानं ते तसंच ठेवलं. तिला वाटलं, काय अभिनय आहे!

भाग आला तेव्हा बेलापुरातल्या चहावाल्यानं कौतुकानं तो मोठ्या स्पीकरला जोडला. चित्र फोनमध्ये राहिलं, आवाज तेवढा बाजारभर गेला. मग काय विचारता! तिरडीचं सामान विकणारा बन्सी बांबू खांद्यावर टाकून गोरक्षच्या दारात हजर, मागं पडलेल्या तोंडानं अर्धी गल्ली. विमलबाई ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या! म्हातारीचं आयुष्य वाढलं म्हणून काही हसले. पण बाकीची नावंही ऐकली गेली होती. सूर्यभान आण्णांची पोरं आली आणि भरल्या गल्लीत त्याला वाटेल ते बोलली. गोरक्ष हात जोडून उभा राहिला. पंकजानं रडत रडत तो भाग काढून टाकला आणि दुसऱ्याच्या आवाजात पुन्हा केला. नवा वीजमामा पोरांना फार आवडला.

जुना भाग फक्त आईच्या मोबाईलमध्ये राहिला. ती रोज ओट्यावर बसून तो मोठ्यानं लावायची. गोरक्षला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा त्यानं फोन काढून घ्यायला हात पुढं केला, तर तिनं तो पदराखाली धरला.

"राहू दे रं," ती म्हणाली. "तू ज्यांची नावं घेतो, त्यांना ती ऐकू येत न्हाईत. मला येतंय."

त्या थंडीतच ती गेली. सकाळी चहा घेऊन तो उठवायला गेला तर अंग गार.

दुसऱ्या कुणाला पुकारायला सांगता आलं असतं. पण तिचं नाव दुसऱ्यानं घ्यावं हे त्याच्यानं सोसवेना. त्यानं रिक्षा काढली, भोंगा लावला. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मधल्या गल्लीतल्या विमलबाई सोपान... आवाज दाटला, अगदी तिथंच. गल्लीनं हा आवाज रोज ऐकला होता, हेच नाव, हाच गहिवर. मिक्सर कुणी बंद केला नाही. न्हावी गालावरून वस्तरा फिरवत राहिला. आणि पोरं घराघरांतून बाहेर आली, 'जुना वीजमामा आला' म्हणून ओरडत, हसत, रिक्षाच्या मागं धावत. गोरक्षनं आरशात त्यांना पाहिलं. तो तसाच रडत चौकापर्यंत बोलत गेला.

चौकात बन्सी दुकानाच्या फळीवर बसून चहा पीत होता. त्यानं हसून हात हलवला, एकदा फसलो तेवढं पुरे म्हणाला.

गोरक्षनं रिक्षा बंद केली. माईक सीटवर ठेवला, खाली उतरला आणि साध्या तोंडानं म्हणाला, "बन्सी, बांबू काढ. आई गेली."

स्वतःचं नाव त्या तोंडून ऐकलं आणि बन्सीचं हसू गेलं. पेला फळीवर ठेवून तो बांबू काढायला आत गेला. पोरं अजून रिक्षाभोवतीच होती, वीजमामाला पुन्हा बोलायला सांगत होती.