विकतचा हात

चष्मा काढायचा, घडी घालून डबीत ठेवायचा, डबी पर्समध्ये, पर्स मांडीवर. मग दोन्ही डोळे मिटून चेहरा जरासा पुढे करायचा आणि म्हणायचं, "हं, लाव की आता."

बाईंचा हा क्रम सहा वर्षांत एकदाही चुकला नाही. हुबळीत विद्यानगरला सौंदर्यप्रसाधनांचं एक मोठं दुकान आहे. तिथे मी काउंटरवर होते. बाई धारवाडला राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसनं यायच्या आणि आमच्याकडचं सगळ्यात महाग क्रीम घेऊन जायच्या. त्या एका डबीत एखाद्या घराचा महिन्याचा किराणा आला असता.

त्या महाग क्रीमच्या कपाटापुढे एक गोल स्टूल होतं. स्वस्त मालाला स्टूल नव्हतं. साबण घ्या, तेल घ्या, उभ्या उभ्या घ्या आणि चालू लागा. महाग क्रीम घेणाऱ्या बाईला मात्र बसवायचं, तिच्या चेहऱ्याला थोडं लावून दाखवायचं, असा दुकानाचा नियमच होता. बेंगळुरूहून एक मॅडम येऊन आम्हाला हे शिकवून गेल्या होत्या. डबी जड असते, ती आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्या. झाकण लगेच उघडू नका. क्रीम अनामिकेनं लावा, त्या बोटात जोर कमी असतो. आणि लावताना विचारा, "झोप लागते का नीट?" मी पहिल्यांदा हसले होते. पण खरं सांगते, झोप लागते का, एवढं विचारल्यावर डोळ्यांत पाणी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. डबी त्या घेतातच.

तुम्हीही अशा दुकानात कधी उभ्या राहिला असाल तर एक गोष्ट बघितली असेल. एवढं महाग क्रीम नटव्या बायका घेत नाहीत. नटव्यांना भाव पक्का ठाऊक असतो. घेतात त्या, ज्यांचं घरात कालच कशावरून तरी बिनसलंय. मुलीचं लग्न होऊन घर मोकळं झालेल्या घेतात. आणि कुठे तरी चुकलेले पुरुष बायकोसाठी घेतात, ते तर किंमतही विचारत नाहीत.

बाई मात्र मला कुठल्याच खणात बसवता येईनात. एक तर त्यांचा क्रीमवर काडीचा विश्वास नव्हता. डबीतला कागद चष्मा लावून वाचायच्या आणि पेपर तपासल्यासारखं बोट ठेवायच्या. "सात दिवसांत फरक दिसेल, म्हणे. किती फरक, कशाच्या तुलनेत, काही लिहिलेलं नाही. माझ्या वर्गात शून्य मिळालं असतं."

"मग घेताय कशाला, बाई?"

"तुला काय करायचंय? तू लाव की."

शिवाय ती डबी कशीही वापरली तरी तीन महिने पुरते. बाई दर महिन्याला नवी घ्यायच्या. एकदा मी धीर करून म्हटलंच, की बाई, इतक्या लवकर संपायला नको.

"माझा चेहरा मोठा आहे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

मी लावायला लागले की त्या बोलायच्या थांबायच्या. कपाळ, भुवयांच्या मधली जागा, गाल, हनुवटी. पाच मिनिटांचं काम. मी हळूहळू दहा मिनिटं घ्यायला लागले. मागच्या काउंटरवरच्या पोरी म्हणायच्या, "अक्का, तुझी म्हातारी आली बघ, आता तासभर सुट्टी." मीही हसायचे. म्हातारपणी हौस आलीय, असं माझंही मत होतं. ते मत मी उगाच बाळगलं होतं, हे पुढे कळलं.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर मालकांनी दुकानात गिऱ्हाइकांसाठी हळदीकुंकू ठेवलं. यादी मी केली. बाईंचं नाव मी घातलं नाही. विधवा बाईला बोलवायचं आणि सगळ्यांदेखत तिला वगळायचं, त्यापेक्षा न बोलावलेलं बरं, असा मी विचार केला. आपण किती जपून वागतो, असंही मनात आलं होतं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली नाही. तो दुसरा शनिवार होता.

बाई आल्या. दुकान बायकांनी भरलेलं, तिळगुळाच्या वड्या, फुलं, अत्तर. आमच्या भागात हळद दोन्ही गालांना लावतात, कपाळावर कुंकू टेकवतात. मी तबक घेऊन फिरत होते, माझी बोटं पिवळीधमक. बाईंनी सगळीकडे एकदा पाहिलं आणि नेहमीसारख्या स्टुलावर जाऊन बसल्या. चष्मा काढला. डोळे मिटले.

मी तबक खाली ठेवलं. मागे जाऊन साबणानं हात धुतले, नखंसुद्धा. पुसून आले आणि क्रीम लावायला घेतलं. बाईंनी डोळे उघडले.

"हात धुऊन आलीस?"

"हो बाई. हळद होती ना हाताला."

"हळद लागली असती तर काय झालं असतं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. डबीचे पैसे दिले, पर्स उचलली आणि गेल्या. डबी काउंटरवरच राहिली.

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मग एका सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या वहीतला पत्ता पाहून मी ती डबी घेऊन धारवाडला गेले. जाताना पर्समध्ये हळदीकुंकवाचा करंडाही ठेवला. तो का ठेवला ते मला ठाऊक होतं, आणि बसमध्ये सारखी भीतीही वाटत होती.

दार यल्लव्वानं उघडलं. ती अळणावरकडच्या एका खेड्यातली, बाईंकडे धुणंभांडी करायची. आत वर्दी दिली, "अक्कोरु, हुबळीच्या अक्का आल्यात." इकडे शिक्षिकेला अक्कोरु म्हणतात. ती पुढे चालायला लागली आणि मला आमच्या क्रीमचा वास आला. तिच्या टाचांचा. उन्हाळ्यात फुटलेल्या टाचांना ती ते थापत होती. बाईंच्या सगळ्या डब्या तिकडे जात होत्या.

बाईंनी कॉफी केली. मी मान खाली घालून म्हटलं, "बाई, त्या दिवशी माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू रीत पाळलीस. मीही पाळली की." त्यांनी कप खाली ठेवला. "माझी नणंद आमच्याकडेच असायची. लवकर विधवा झालेली. चैत्रात माझ्या घरी तीस-चाळीस बायका यायच्या. मी एकेकीच्या गालाला हळद लावत जायची आणि नणंदेपाशी आले की तबक घेऊन पुढे सरकायची. तिला वाईट वाटू नये म्हणून तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, मी किती समजूतदार."

यल्लव्वा मागच्या दारी भांडी घासत होती.

"माझे यजमान गेले त्यानंतर माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागलेला नाही बघ," बाई म्हणाल्या. "मुलगी येते, पाया पडते. डॉक्टर मनगट धरतो. मग एकदा तुमच्या दुकानात पावडर घ्यायला आले तर तू म्हणालीस, बसा, हे क्रीम लावून दाखवते. मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटली."

मी पर्स उघडली, करंडा काढला. झाकण काढून हळदीत बोट घातलं. बाईंनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"नको."

"बाई, मला काही वाटत नाही त्याचं. मनापासून लावते."

"तेच नको. आता तू लावलीस तर ते उपकार होतील. आयुष्यभर मुलांना शिकवलं, कोणाचे उपकार घेतले नाहीत. दुकानात बरं होतं. मी पैसे टाकत होते, तू लावत होतीस. विकत घेतलेल्याचे आभार मानावे लागत नाहीत." मग माझ्या बोटाची हळद त्यांनी स्वतःच्या पदरानं पुसली. "त्या दिवशी कळलं, तिथेही मी विधवाच आहे. आता येववत नाही गं."

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि बसस्टॉपचा जवळचा रस्ता समजावून सांगितला. क्रीमची डबी टेबलावर ठेवून मी घरी आले. वाटेत मला रडू आलं नाही. राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. खरं तर स्वतःवरच होता. त्या दिवशी हात न धुता क्रीम लावलं असतं, तर त्यात उपकार नव्हते, चूक नव्हती, काहीच नव्हतं. गर्दीत सगळ्यांच्या गालांना हळद लागली, तशी त्यांच्याही लागली असती. तो क्षण गेला तो गेला.

श्रावणात बाई मुलीकडे पुण्याला गेल्या आणि दिवाळीच्या तोंडावर तिथेच वारल्या. मुलीचा फोन आला तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. आईच्या फोनमधल्या एकेका नंबराला ती कळवत होती. माझा नंबर तिथे 'क्रीमवाली मुलगी' या नावानं होता. तुम्ही कोण, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, तुमच्या आई आमच्या दुकानात यायच्या.

"शेवटचे बारा दिवस अतिदक्षता विभागात होती," ती म्हणाली. "आत कोणाला सोडत नव्हते. काचेतून बघायचो."

तिथे कोणी तरी त्यांचा चेहरा पुसत होतं का, हे मला विचारायचं होतं. नर्सनं पुसला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. काही तरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तुमच्या आईंची त्वचा फार छान होती. गाल तर अगदी मऊ."

फोन कट झाला असं वाटून मी 'हॅलो' म्हणणार होते.

"मऊ होते?" मुलीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "फार मऊ होते."