बिनविरोध गाव आणि माझा सत्कार

परवा गावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार... आणि तेव्हापासून मला घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, राहतो येरमाळ्याजवळच्या एका गावात. यंदा बीएच्या शेवटच्या वर्षाला आधुनिक चिनी तत्त्वज्ञान आहे. वर्गात सहाजण, त्यातली सविता आमच्याच गावची सून.

गेल्या शतकात चिनी विचारवंतांत पेटलेला वाद तिला फार आवडायचा. एक बाजू म्हणे, वडीलधाऱ्यांचा मान आणि सलोखा यांवरच राज्य उभं राहतं. दुसरी म्हणे, त्याच मानाखाली धाकट्यांचा आवाज दबतो, तो झुगारल्याशिवाय नवा देश घडायचा नाही.

मी दुसऱ्या बाजूचा. अगदी टेबलावर हात आपटून शिकवायचो.

आमची ग्रामपंचायत मारुतीच्या देवळात बैठक होऊन बिनविरोध ठरते, भांडणं नकोत म्हणून. यंदाही सगळं ठरलं आणि सविताने फॉर्म भरला... तिच्या वस्तीवर अजून नळ नाही, बैठकीत तो विषय कुणी काढत नाही.

माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच जाणती मंडळी माझ्या दारात. त्यांतले सगळ्यांत थोरले अण्णा म्हणाले, "सर, तुमचा शब्द ती मोडायची न्हाय. तुमी एकडाव सांगून बघा."

मी दमलो होतो. पेपर तपासणं, मीटिंगा, रोजची एसटी... नाही म्हणायला लागते ती ताकद अंगात नव्हती. गेलो, झालं.

तिच्या ओट्यावर बसून मी सलोख्यावर बोललो. चांगलं बोललो, हेच वाईट. मनातून वाटत होतं, आता ही वर्गातलं सगळं माझ्या तोंडावर फेकेल आणि मी सुटेन.

तिने चहा आणून ठेवला. "सर, तुमी सवता घरी आलाव. आता न्हाय कसं म्हणू?" एवढंच म्हणाली आणि माघारीच्या अर्जावर सही केली.

संध्याकाळी देवळात अण्णांनी मला हार घातला, गावाचा सलोखा राखला म्हणून. सविता मागे बायकांत उभी होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

काल ती वर्गात आली, पण तासभर एकही प्रश्न विचारला नाही.

सविता, ही पोस्ट तू वाचशील. मी शिकवलेलं तुला खरं वाटलं म्हणून तू फॉर्म भरलास आणि माझा मान राखायला तो मागे घेतलास. तू नाही म्हणावंस अशी मी वाट बघत बसलो... पण ते काम तुझं नव्हतंच. नाही मी म्हणायला हवं होतं, सकाळी, माझ्याच दारात, अण्णांना.