मोडलेल्या बरगड्या आणि खोकला

बागेत संत्री तोडताना बाबा शिडीवरून पडले, ते नेमके खाली ठेवलेल्या क्रेटच्या काठावर. डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या. वरूडहून अमरावतीला आणताना गाडी खड्ड्यात आदळली की ते माझा हात आवळत, पण तोंडातून हूं की चूं नाही. आमच्या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे आहे.

दवाखान्यात खोकल्याची उबळ आली की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे. मला ते बघवेना. मग आईनं आणि मी खोकला थांबवायचाच ध्यास घेतला. मध, अडुळसा, कोमट पाणी. उबळ आली की आई म्हणायची, थोडं दाबा, आणि तेही गुमान दाबायचे. दोन-तीन दिवसांत ताप चढला, ऑक्सिजन उतरू लागला, आणि बाबा आखूड श्वास घेत नुसते छताकडे बघत राहिले. बाप हातचा चाललाय हे मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आमची अडुळशाची बाटली बाजूला सारली. बरगड्या आपोआप जुळतील, म्हणाल्या, पण दुखतं म्हणून हे खोकत नाहीत, कफ आत साचलाय, न्यूमोनिया सुरू झालाय. दुखणं थांबवायचं आणखी कडक औषध दिलं तर गुंगीनं श्वासच मंदावेल. त्यापेक्षा सोनोग्राफीत बघत पाठीत सुई घालून तेवढ्या बरगड्यांच्या नसा बधिर करू, बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवू.

आई अडून बसली. पाठीत सुई घेतली की माणूस लुळा पडतो, हे तिनं गावात ऐकलेलं. मी तिच्यावर नको तितकी चिडले, मग तिच्या पाया पडले. तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

सुईनंतर थोड्या वेळानं बाबांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. आता जोरात खोका, डॉक्टरबाई म्हणाल्या. बाबा खोकेनात. दुखणं थांबलं होतं, धास्ती जात नव्हती. मी विनवलं, ओरडले. त्यांनी तोंड फिरवलं.

नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवलेली माझी आई उठली. तिनं आधाराला उशी त्यांच्या बरगड्यांशी घट्ट धरली.

"मले एकटीले टाकून कुठी चालले तुमी? खोका म्हन्ते ना."

ते खोकले. कफ तिच्या पदरावर पडला. तिनं तो पुसलासुद्धा नाही.

"अखीन खोका," ती म्हणाली.